फाइल उघडली की घड्याळ थांबतं

दर मंगळवारी साडेदहाच्या सुमारास आमच्या ट्रेनिंगच्या खोलीवरून एक सुतार जातो. जातो कसला, नेतात त्याला. पलीकडे फिजिओथेरपीची खोली आहे. बायको त्याचा डावा हात धरून असते आणि उजव्या हाताने तो भिंत चाचपत, पाऊल टाकू की नको असं करत चालतो. आमच्या दाराशी आला की हमखास थांबतो. चौकटीच्या कोपऱ्यात जिथे दोन लाकडं एकमेकांत बसवलेली आहेत तिथे बोट ठेवतो आणि काहीतरी आठवायला बघतो. "चला आता, ते लोक वाट बघतायत," बायको म्हणते. मग तो निघतो. तेवढा वेळ मी कपाट उघडून त्यात काहीतरी शोधत असते. कपाटात जुने हातमोजे आणि एक मोडका स्टेथोस्कोप आहे, त्यातलं मला काहीही लागत नाही.

हे असं का, ते सांगायला मागे जावं लागेल. सांगताना मला स्वतःचाच राग येईल आणि तो मधूनमधून दुसऱ्यांवर निघेल, तेवढं चालवून घ्या. एकतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईचा स्वभाव लोण्यासारखा राहत नाही.

माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा मला ट्रेनिंगच्या खोलीत बसवलं. मला वाटलं, झालं, आता निवृत्तीपर्यंत रबराच्या बाहुल्यांना सुया टोचायच्या. पण त्याच वर्षी मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यात खेळाचं खूळ शिरलं. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे ट्रेनिंगचे प्रमुख. नर्सिंगच्या मुलामुलींनी आणि शिकाऊ डॉक्टरांनी खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचा. त्यात आठ खाटांचा वॉर्ड, आठ पेशंट, प्रत्येकाला काहीतरी होणार, आणि कोपऱ्यात लाल आकड्यांचं घड्याळ. उशीर केला की पेशंट दगावतो. "चुका करायच्या त्या इथे करू देत," मोठे डॉक्टर म्हणाले, "इथला मेलेला पेशंट बटण दाबलं की उठून बसतो." मला तेव्हा हसू आलं होतं. पोरंटोरं गाड्या पळवतात तसा वॉर्ड पळवायचा!

खेळ तयार करायला एक दाढीवाला मुलगा आला. त्याला आम्ही सगळे गेमवालाच म्हणायचो. त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं यायचं आणि आजारपणातलं काहीही नाही. पहिल्या दिवशी त्याला वॉर्ड दाखवायला नेलं तर कोणाचं तरी रक्त काढताना बघून हा दारातच खाली बसला. त्याला पाणी मी पाजलं, आणि तेव्हापासून आमचं जमलं. तो विचारायचा, मी सांगायचे. माणूस घाबरला की चादर कशी मुठीत धरतो, ओठ सुजायला लागले की आवाज कसा बदलतो, मॉनिटरवर सगळं ठीक दिसत असताना चेहरा आधी कसा खरं बोलतो. मी सांगेन तसा तो पेशंट रंगवायचा. पेशंट वाचला की तो उशीला टेकून म्हणायचा, "बरं वाटतंय, सिस्टर." तो आवाज गेमवाल्याने स्वतःचाच घातला होता.

सात नंबरची खाट ही माझी. म्हणजे ती केस मी एकटीने बांधली. सलाईनमधून औषध चालू आहे, पेशंट म्हणतो अंगाला खाज सुटली, मग म्हणतो घशात काहीतरी अडकलंय. औषधाची रिअ‍ॅक्शन. अशा वेळी करायचं ते सरळ आहे: सलाईन बंद, हाक मारायची, मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन, ऑक्सिजन. नर्सने डॉक्टरची वाट बघायची नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. आणि बाजूला जाडजूड फाइल ठेवलेली. ती मी मुद्दाम ठेवायला लावली होती. जो ती फाइल उघडून वाचत बसेल त्याचा पेशंट तिसऱ्या पानापर्यंत दगावतो. बाकीच्या सात खाटांवर फाइल वाचल्याशिवाय पान हलत नाही. सातवर फाइल हाच सापळा. फाइल कधी वाचायची आणि कधी पेशंटकडे बघायचं, हे एकदा तरी हरून कळावं, एवढ्यासाठी ती खाट होती. हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता निवांतबद्दल सांगते.

निवांत माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याकडेच. हे नाव मीच पाडलं. एक घास तोंडात घेऊन ती खिडकीबाहेर इतका वेळ बघत बसायची की चावायचं विसरायची. "काय निवांतबाईसाहेब, आज संपवताय की उद्यासाठी ठेवू?" मी म्हणायचे. ती हसायची, आणि हसता हसता पुन्हा चावायचं विसरायची. अंघोळ निवांत, शाळेची तयारी निवांत. वाचन तर विचारूच नका. अक्षरं तिच्याशी भांडायची. मोठी झाल्यावरही ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची आणि कोणी बघितलं की बोट पटकन काढून घ्यायची.

हात मात्र सोन्याचे होते तिचे. आणि डोळे. घरी आलेल्या माणसाचा एक पाय दुखतोय हे तो बसायच्या आधी तिला कळायचं. मला ताप यायचा असला की मला कळायच्या आधी ती उशाशी पाणी ठेवायची. नर्स व्हायचं हे तिचं तिनेच ठरवलं. मी आनंदाने नाचले नाही. मी म्हटलं, "तिथे निवांतपणा चालत नाही बरं." ती म्हणाली, "शिकेन ना मावशी. वेळ लागेल, पण शिकेन."

नियम असा होता की खेळात पास झाल्याशिवाय वॉर्डची ड्यूटी नाही, आणि संधी तीन. निवांत पहिल्यांदा नापास झाली. पुस्तकात लिहिलंय की आधी फाइल बघा, म्हणून तिने प्रत्येक खाटेवर इमानेइतबारे फाइल उघडली आणि बोट धरून वाचली. चार खाटांवर वेळ संपला. सातवरचा तर दुसऱ्या पानालाच गेला. दुसऱ्यांदा थोडी बरी खेळली, पण सातवर पुन्हा तेच. मी मागच्या खुर्चीवर बसून बघत होते. पडद्यावर 'पेशंट दगावला' अशी अक्षरं आली तेव्हा तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "एकच राहिली आता."

त्या रात्री मी ठरवलं. वॉर्डात मी कधी कोणाची गय केली नाही. मुली रडायच्या, मी म्हणायचे रडून घे आणि हात धुऊन परत ये. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्याबाबतीतही खरं निघालं.

पुढच्या आठवड्यात खेळाची बैठक होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, मुलं फाइल वाचायचा कंटाळा करतायत. घड्याळाच्या धाकाने नुसतं चाळतात. तीन नंबरच्या पेशंटला मूत्रपिंडाचा आजार आहे हे न बघताच औषध देतात. वाचायची सवय लागायला हवी असेल, तर फाइल उघडी असताना घड्याळ थांबवा. मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाही." यातला एक शब्दही खोटा नव्हता. मुलं खरोखरच कंटाळा करत होती. खरं कारण मी पोटात ठेवलं आणि दुसरं, तेही खरंच असलेलं, पुढे केलं. इतकी बेमालूम लबाडी मी आयुष्यात दुसरी केली नाही.

बैठक संपल्यावर गेमवाला वही घेऊन माझ्याकडे आला. "सिस्टर, सातवरही थांबवायचं? तिथे तर तुम्हीच फाइल..."

"सगळीकडे थांबव," मी म्हटलं. "एका खाटेवर थांबतं आणि दुसरीवर नाही असं केलंस तर मुलं गोंधळतील."

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "तुम्ही म्हणता तर ठीक," म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्यांदा निवांत खेळली तेव्हा मी पुन्हा मागे बसले होते. सात नंबरचा पेशंट घसा धरून म्हणाला, काहीतरी अडकलंय. निवांतने फाइल उघडली. लाल आकडे जागच्या जागी थांबले. तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट धरून शांतपणे वाचलं, पुढे काय करायचं ते मनात लावून घेतलं, फाइल मिटली, आणि मग तिचे ते सोन्याचे हात असे काही चालले की बघत राहावं. सलाईन बंद, हाक, इंजेक्शन, ऑक्सिजन. "बरं वाटतंय, सिस्टर." शंभरापैकी शहाण्णव गुण. बेचाळीस जणांत पहिली.

आयुष्यात कधी कशात पहिली आली नव्हती ती. गुणांचा कागद तिने छापून घेतला आणि घरी फ्रिजच्या दारावर चिकटवला. दुधाची पिशवी काढायला दार उघडावं तर आधी ते शहाण्णव दिसायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. मला वाटायचं, मी काय केलं, तिला नुसता श्वास घ्यायला वेळ दिला. तिची गुणवत्ता तर तिचीच होती.

आठ महिने ती वॉर्डात छान रमली. पेशंट तिलाच हाक मारायचे. त्यांतलाच तो सुतार. पटाशी लागून हात चिघळला होता म्हणून दाखल झालेला. नर्सच्या टेबलाचा एक पाय डुगडुगायचा, त्याकडे बघून तो रोज म्हणायचा, "पोरी, हात बरा होऊ दे, पहिलं काम तुझ्या टेबलाचं." निवांत घरी येऊन मला त्याच्या नकला करून दाखवायची.

मग तो दिवस आला. दुपारी बाराची वेळ. बरोबरची नर्स एका पेशंटला एक्सरेला घेऊन गेली होती, वॉर्डात निवांत एकटी. सुताराला नवीन औषधाचं सलाईन लावून पाच मिनिटं झाली असतील. त्याने आधी मान खाजवली. मग म्हणाला, "पोरी, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय."

पुढचं मी चौकशीत ऐकलं. समितीत तिघं होते, आणि ट्रेनिंगच्या बाजूने मला बोलावलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून सांगत होती. "ती मुलगी घाबरली नव्हती हो. मला तेच नवल वाटतंय. त्यांनी घसा धरला तशी तिने त्यांची फाइल काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. बोट धरून. मला वाटलं, ही एवढी शांत आहे म्हणजे काळजीचं काही नसेल, म्हणून मी पण ओरडले नाही. चार मिनिटं तरी वाचत होती."

"आणि मग?"

"मग फाइल मिटली आणि वाऱ्यासारखी पळाली. सलाईन बंद काय केलं, इंजेक्शन काय आणलं, हाका काय मारल्या. एका माणसात दोन मुली असाव्यात अशी."

 समितीतल्या कोणाला त्यात काही दिसलं नाही. त्यांना दिसली एक घाबरून गोठलेली मुलगी. मला दिसलं, फाइल उघडली, घड्याळ थांबलं. फाइल मिटली, घड्याळ सुरू झालं. तिने मी शिकवलं तेच आणि तसंच केलं होतं. फक्त सुताराला ते कोणी सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांनी निवांतला विचारलं, "तुम्ही चार मिनिटं वाचत का उभ्या राहिलात?"

"मला वाटलं, वाचून मग करू."

"पेशंटचा श्वास अडकलाय हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

 उत्तर शोधत होती बिचारी, प्रामाणिकपणे. "मला वाटलं, वेळ आहे. का वाटलं ते माहीत नाही, सर."

मग ते माझ्याकडे वळले. ही केस खेळात आहे का? आहे, मी म्हटलं. हिने ती केली होती का? केली होती. गुण किती? शहाण्णव, बॅचमध्ये पहिली. "म्हणजे शिकवण्यात कमी नव्हती," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

तेव्हा बोलायचं होतं मी. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, थांबा, त्या खेळातलं घड्याळ मी थांबवलंय. दहा शब्दही झाले नसते. मी मूग गिळून बसले. नंतर स्वतःला हजार कारणं दिली. खेळ एव्हाना अकरा हॉस्पिटलांत गेला होता, मोठ्या डॉक्टरांची नाचक्की झाली असती. मला घालवलं असतं. आणि सगळ्यांत मोठं कारण, ज्याला मी प्रेम म्हणत होते ते: निवांतला कळलं असतं की ती पहिली आली ती माझ्या वशिल्याने. तिच्याजवळ आता तेवढंच उरलंय, ते कशाला हिरावून घ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला बजावलं. पण त्या मुठीत मी कोणाला आवळलं होतं?

सुतार वाचला. बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू झालं, पण मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नव्हती. पटाशी हातात दिली तर ती कोणत्या बाजूने धरायची ते त्याला आता आठवत नाही. निवांतला वॉर्डातून काढलं, सहा महिन्यांनी परत परीक्षा द्या म्हणाले. तिने राजीनामाच दिला. घरी आली, फ्रिजवरचा कागद काढला, घडी करून कचऱ्यात टाकला आणि पेल्यात दूध ओतून घेतलं.  पुढे ती एका रोपवाटिकेत कामाला लागली. कुंड्या भरते, रोपं लावते. तिथे कोणाला घाई नसते, ती म्हणते.

असं वर्ष गेलं असतं, दोन गेली असती. पण गेल्या महिन्यात नवीन बॅच आली. त्यात एक चष्मेवाला विद्यार्थी, हुशार, बडबड्या. सात नंबरच्या खाटेवर पेशंटने घसा धरला. चष्मेवाल्याने फाइल उघडली, खुर्चीत रेलला, पाण्याची बाटली काढली आणि घटाघट पाणी प्यायला लागला.

"अरे, हे काय चाललंय?" मी ओरडले.

"दम घेतोय, सिस्टर. घड्याळ थांबलंय ना."

"फाइल वाचायला उघडलीस ना?"

"नाही हो. घाबरलं की फाइल उघडायची, हे सगळ्यांना माहितेय. सीनियर लोकच सांगतात." तो हसला. "मस्त सोय केलीय ज्याने केलीय."

मी त्याला बाहेर काढलं. तो बिचारा गोंधळून गेला. मग दार लावून मी त्या थांबलेल्या लाल आकड्यांसमोर बसून राहिले.

संध्याकाळी निवांत स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी समोर बसले आणि सांगितलं. बैठक, तीन नंबरचं मूत्रपिंड, गेमवाल्याची वही, चौकशीतलं माझं गप्प बसणं, सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं म्हणून एका दमात सांगितलं. ती मटार सोलायची थांबली नाही. रोपवाटिकेतली माती तिच्या नखांत होती. मला वाटलं ओरडेल, भांडं भिरकावेल. ओरडावं म्हणूनच मी सांगत होते की काय कोण जाणे.

"म्हणजे मी पहिली आले नव्हते," ती म्हणाली.

तिने पुढची शेंग उचलली.

"आता किती जण खेळतात हा खेळ?"

"अकरा हॉस्पिटलांत आहे. पाचशे-सहाशे तरी असतील."

"त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही. आधी तुला..."

"मला आधी कशाला?" आता तिचा आवाज चढला. "माझं जे व्हायचं ते झालं. तिकडे कोणीतरी या क्षणी फाइल घेऊन उभं असेल, मावशी! ऊठ. फोन कर."

आणि मी, जिने एकतीस वर्षं मुलींना पेशंट आधी, आपलं रडणं नंतर हे शिकवलं, ती उठले आणि फोन लावला. गेमवाला आता दुसरीकडे नोकरीला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.  "एक ओळ आहे ती, सिस्टर," शेवटी म्हणाला. "एक ओळ काढायची. सकाळपर्यंत सगळीकडे होईल."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना आणि समितीला लिहून दिलं. अकरा ठिकाणी स्वतः फोन केले, काय शिकवलं गेलंय ते सांगितलं, मुलांना परत बसवा म्हटलं. बैल गेला आणि झोपा केला, पण केला. मोठे डॉक्टर माझ्याशी अजून बोलत नाहीत. समितीचं उत्तर आलं की निवांतने अर्ज केल्यास विचार होईल. ते पत्र तिने वाचलं, सावकाश, बोट धरून, माझ्यासमोर, आणि बोट काढून घेतलं नाही. अर्ज करणार का ते काही सांगितलं नाही. सुताराच्या बायकोशी मात्र मी अजून बोललेले नाही. दोनदा दारापर्यंत गेले.

काल रविवार होता. निवांत म्हणाली, "किल्ली आहे ना तुझ्याकडे? मला एकदा खेळायचंय."

खोलीत आम्ही दोघीच होतो. ती पडद्यासमोर बसली, मी मागच्या त्याच खुर्चीवर. तिने सरळ सात नंबर निवडला.

पहिल्या वेळी पेशंटने घसा धरताच तिचा हात आपोआप फाइलवर गेला. फाइल उघडली. लाल आकडे थांबले नाहीत. ते पळताना बघून ती दचकली, मिटायला गेली, पान भलतंच उलटलं. पेशंट दगावला. दुसऱ्या वेळी हात फाइलच्या दिशेने निघाला आणि हवेतच थांबला. तिथेच वेळ गेला, आणि पेशंट थोडक्यासाठी दगावला.

तिसऱ्या वेळी तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या रंगवलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, लहानपणी खिडकीबाहेर बघायची तसं. पेशंटचे ओठ जरासे फुगले, मी सांगितले होते तसे. घशाकडे त्याचा हात जायच्या आत हिने सलाईन बंद केलं. हाक मारली. इंजेक्शन दिलं. ऑक्सिजन लावला. फाइलला हातही लावला नाही.

"बरं वाटतंय, सिस्टर," पेशंट म्हणाला.

अडतीस सेकंद झाले होते.

"तीन वेळा," निवांत म्हणाली. ती मागे वळली नव्हती. "संधी तीनच होत्या ना तेव्हा?"

"हो."

"तिसऱ्यांदा आलं."

आता तिला सगळं ठाऊक होतं, घड्याळाचं, फाइलचं, म्हणून जमलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण ओठ फुगलेले तिला कोणी दाखवले नव्हते. ते तिचे तिला दिसले. ते तेव्हाही दिसले असते. सुताराचंही तिला दिसत होतं, तिने चौकशीत तसं सांगितलं होतं, आणि तरी ती कागदाकडे वळली कारण मी तिला वळायला लावलं होतं.

"तुला वाटलं, मला जमणार नाही," ती म्हणाली.

नाही म्हणायला जीभ उचलली होती मी. "हो," मी म्हटलं. "तसंच वाटलं मला."

"जमलं असतं गं, मावशी."

मग तिने पुन्हा बटण दाबलं. सात नंबरचा पेशंट उठून बसला, अंगाला खाज सुटली म्हणाला, आणि तिने त्याला वाचवलं. पस्तीस सेकंद. पुन्हा बटण दाबलं. तेहेतीस. मी मागे बसून मोजत होते. दर वेळी गेमवाल्याचा तो आवाज म्हणायचा, बरं वाटतंय, सिस्टर, आणि दर वेळी ती त्याला मान हलवून उत्तर द्यायची, जणू खरोखरच कोणी बोललं. बाहेर ऊन उतरलं, रखवालदार येऊन दोनदा डोकावून गेला. मी तिला आता पुरे म्हणू शकले नाही.